नौपाड्याच्या लोहाराची कुस्ती

कुस्तीची गोष्ट निघाली की तो आधी उजवा पंजा वर करून सगळ्यांना थांबवी आणि विचारी, "कोणत्या वयातला?"

मी कल्याणच्या कचेरीत नवा कारकून होतो आणि तो दाराशी बसणारा शिपाई. कल्याणला आगगाडी येऊन तेव्हा तिसेक वर्षे झाली असतील. तरुणपणी तो नावाजलेला मल्ल होता. कान मुडपलेले, मान बैलासारखी, आणि आवाज मात्र इतका हळू की ऐकायला पुढे वाकावे लागे. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील.

दुपारी काम थांबले की आम्ही त्याच्याभोवती जमत असू. कुणी विचारी, "एखाद्या दरबारचा पंजाबी मल्ल आणि ठाण्याच्या नौपाड्याचा तो लोहार मल्ल लढले असते तर?" तो दोन दौती समोरासमोर मांडी. "पंजाबी पंचविशीतला घ्या, लोहार घटकाभर तग धरील. पंजाबी चाळिशीचा आणि लोहार तिशीचा असंल, तर पंजाबी पाठीवर."

"आणि दोघेही पंचविशीतले?"

"मग पंच म्हातारा व्हईल."

आमच्या गलेलठ्ठ हेडकारकुनाने एकदा स्वतःची आणि मामलेदारांची कुस्ती विचारली. शिपायाने दोघांच्या वयांचा मनापासून विचार केला आणि म्हणाला, "साहेब, तुमी दोघं कुठल्याबी वयात बसूनच ऱ्हाल."

एके दिवशी ठाण्याहून बदलून आलेला कारकून म्हणाला, "पण पहिलवान, त्या लोहाराला तर तुम्हीच जत्रेत पाडलंत. तेव्हापासून तो अंथरुणावर आहे." शिपायाने दौती उचलल्या, त्यांत शाई भरली आणि पुढे महिनाभर तो कुणाशी बोलला नाही.

त्यानंतर कागद पोचवायला आम्ही दोघे ठाण्याला गेलो. काम आटोपल्यावर तो म्हणाला, "रावसाहेब, वाईच नौपाड्यात येता? दरसाल एकला जातो. औंदा जाववत नाय."

लोहार खाटेवर पडलेला होता. छाती अजून भात्यासारखी रुंद, पाय काटक्यांसारखे. आमच्या शिपायाने त्याच्या काखांत हात घालून त्याला उठवले आणि भिंतीशी टेकवून बसवले. लोहाराच्या बायकोने पाणी दिले.

"त्या दिशी तुला ताप नसता, तर तू मला पाडलं असतंस," शिपाई म्हणाला.

"हे तू दरसाल सांगतोस," लोहार म्हणाला. मग एकाएकी त्याने विचारले, "मला ताप व्हता, हे तुला कुणी सांगितलं? मी बायकोलाबी सांगितलं नव्हतं."

शिपायाने आपला उजवा पंजा उघडला.

"सलामीला हात दिलास," तो म्हणाला, "तवा हात तापलेला लागला."

"म्हणजे लढायच्या आधी."

"आधी."

लोहाराने डोळे मिटले. "मला वाटायचं, तुला कळलं नसंल. त्यावरच मी इतकी वर्षं काढली." मग म्हणाला, "मला निजव. आणि आता येऊ नको."

त्याने लोहाराला निजवले. परत येताना गाडीत तो आपला उजवा पंजा मांडीवर उताणा ठेवून बसला होता, जणू त्यात कुणी काही ठेवले होते.

कचेरीत तो दाराशी बसे, पण दुपारी आम्ही जमलो की उठून खाडीकडे निघून जाई. वर्षभर असेच चालले. मग एका सकाळी नौपाड्याहून लोहारणीचा निरोप आला. लोहाराच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्या होत्या, कुणी हात लावला की तो ओरडे. "ते म्हणतात, त्याला बोलवा. उचलायचं त्यालाच कळतं." शिपायाने निरोप पुरता ऐकला, कमरेचा पट्टा सोडून स्टुलावर ठेवला आणि अनवाणीच निघाला. तो परत कामावर आला नाही.

चार-सहा महिन्यांनी मी ठाण्यात असताना तो मला तळ्याच्या वाटेवर दिसला. लोहाराला पाठीवर घेऊन तो आंघोळीला नेत होता. शिपाई खूप खंगला होता. एकेक पाऊल चाचपून टाकत होता. लोहाराचे दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती घट्ट आवळलेले होते, आणि ते आधारासाठी होते की आणखी कशासाठी, हे मला सांगता आले नसते. मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.