उशिरा पोचलेली सुरी

लामू बेटावर लग्न निघालं की पहिलं बोलावणं शोमारीला जायचं. बकरा त्याच्याच सुरीखाली जावा असा गावाचा हट्ट. म्हातारा यायचा, बिस्मिल्ला म्हणून काम उरकायचा, आणि माणसं जेवायला बसायच्या आत आपला वाडगा उचलून चालता व्हायचा. नव्या पोरांना वाटे, शिष्ट आहे. शिष्ट कसला, ते ऐका.

उमेदीच्या वयात शोमारी साहेबांच्या शिकारी तांड्यांबरोबर मुख्य भूमीवर हिंडायचा. कातडी सोलण्यात त्याचा हात बसलेला. आधीचे साहेब शिंगांसाठी मारायचे. जनावर पडलं की आपल्यातला कुणीतरी धावत जायचा, त्यात जीव आहे तोवर मानेवर सुरी फिरवायचा, आणि सगळे पोटभर हलाल खायचे. मग हाडंवाला साहेब आला. हे नाव हमालांनी ठेवलेलं. त्याला विलायतेतल्या कुठल्याशा संग्रहालयात जनावरं भुसा भरून उभी करायची होती. त्यामुळे कवटीपासून खुरापर्यंत सगळं हवं, आणि मानेवर चीर नको. मान कापायची नाही म्हटल्यावर लामूच्या माणसांना ते मटण हराम झालं.

साहेबावर राग काढता येत नाही, म्हणून तो शोमारीवर निघाला. आमची माणसं एकाच परातीत जेवतात. एका संध्याकाळी मुकादम फेरूझीने, जो लामूत शोमारीच्याच गल्लीत राहायचा, परात स्वतःकडे ओढून घेतली.

"शोमारी, तू आपला पलीकडे बस. दिवसभर मेलेल्यात हात तुझे. वास येतो."

"धुतलेत मुकादम. राखेने घासून धुतलेत."

"धुतले असशील रे. पण घास खाली उतरत नाही, त्याला मी काय करू?"

पलीकडे मुख्य भूमीवरच्या कांबा जमातीचे हमाल मटण भाजत बसलेले. ते मुसलमान नव्हते, त्यांना कसली अडचण? "या चाचा, आमच्यात बसा," ते म्हणायचे. "आमचा देव मान तपासत नाही." शोमारी हसून नको म्हणायचा. मग मीठ लावलेल्या कातड्यांच्या तंबूशी बसून तो एकटा घेवडा खायचा. परातीकडून हसणं ऐकू आलं की त्याला वाटे, आपल्यावरच हसतायत. बहुतेक वेळा तसं नसेही. पण एकटं जेवणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? सफर लांबत गेली, आणि पुन्हा त्या परातीशी बसायला मिळावं याखेरीज त्याला दुसरं काही नको होतं.

एके दिवशी साहेबाने बैलाएवढी एलंड हरणी पाडली आणि म्हणाला, "मादी माझ्याकडे आहे. हिचं कातडं नको. कापा मान, खा."

लामूकरांचे चेहरे उजळले. सुरी शोमारीच्या कमरेला.

"पळ रे भाऊ," फेरूझी म्हणाला. "आज माझ्या शेजारी बसशील."

शोमारी जिवाच्या आकांताने पळाला. काट्यांत लुंगी फाटली, ती सोडवत बसावं लागलं. हरणीपाशी पोचून त्याने तिच्या डोळ्याला बोट लावलं. पापणी हलली नाही. तरी त्याने सुरी फिरवली. रक्त आलं, पण नुसतं पाझरल्यासारखं. उंच गवतात तो एकटाच होता, कुणी काही पाहिलं नव्हतं.

फेरूझी धापा टाकत आला. मागून येणारे वाटेतच सरपण गोळा करू लागले होते.

"जीव होता ना?"

शोमारीच्या डोळ्यांपुढे ती परात आली. 'होता' म्हटलं की झालं.

"नव्हता, मुकादम. मला उशीर झाला."

फेरूझीने त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. "गाढवा, होता म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं? पाप तुझ्या माथी, मटण आमच्या पोटी. आम्ही कुठे बघायला आलो होतो?"

"म्हणून तर," शोमारी म्हणाला. "तुम्ही बघितलं नव्हतं. माझ्या शब्दावरच खाल्लं असतंत."

सगळी हरणी कांबांनी खाल्ली. परातीत पुन्हा घेवडा आला, आणि सफर संपेपर्यंत कामापलीकडे शोमारीशी कुणी शब्द बोललं नाही. आधी हातांचा वास होता, आता त्यात खरं बोलण्याची भर पडली.

बेटावर परतल्यावर शोमारीने कातड्यांचं काम सोडलं, मासे वाळवू लागला. बायको वारली, घर रिकामं झालं. फेरूझी मात्र ही गोष्ट चावडी भरवून सांगायचा, अगोदर टिंगल म्हणून. पुढे त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि खाटकाच्या मटणाबद्दल कुणीतरी शंका काढली.

"शोमारीला बोलवा," फेरूझी म्हणाला. "तो खोटं बोलत नाही. मी उपाशी राहून शिकलोय ते."

शोमारी आला, बकरा त्याने कापला. मग पुलावाची परात आली. फेरूझीने शेजारची चटई झटकली. "ये, बस."

शोमारी उभाच राहिला. बसायचं त्याच्या फार मनात होतं, पण पाय वळेनात.

"नको मुकादम," तो हळूच म्हणाला. "हाताला वास येतो."

त्यात टोमणा नव्हता. फेरूझीने मान खाली घातली आणि स्वतःच्या हाताने त्याचा वाडगा भरून दिला. शोमारी तो घेऊन धक्क्याच्या पायरीवर जाऊन जेवला. कातड्याला हात लावून त्याला कितीतरी वर्षं झाली होती.