उजव्या बाजूची रिकामी जागा

बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं नोकरी शोधली आणि मग, कोल्हापुरात गल्लोगल्ली नेट कॅफे निघत होते त्या दिवसांत, मीही एक काढला. एस.टी. स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत, पाच कॉम्प्युटर. पोरगी कॅफे चालवतीय म्हणून गल्लीत थोडी कुजबुज झाली. पण त्यामुळंच मुली माझ्याकडं यायच्या, आणि त्यांच्या घरच्यांनाही बरं वाटायचं.

एकदा कसबा बावड्याचे एक शेतकरी मुलीला घेऊन बारावीचा निकाल बघायला आले. मी नंबर टाकला. निकाल दिसला न दिसला तोच त्याच्यावर टपकन दुसरी खिडकी उघडली. जाहिरातीची. त्यातल्या बाईच्या अंगावर कपडे म्हणावेत असं फारसं काही नव्हतं. ती बंद केली तर आणखी दोन उघडल्या. शेवटी मी पडद्यापुढं माझी ओढणी धरली. मुलगी फरशीकडं बघत होती. वडील ताडकन उठले.

"चल गं. निकाल कॉलेजात कळंल."

मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली होती. मला ओझरतं दिसलं होतं. ते सांगायला मी दारापर्यंत धावले, तर त्यांची मोटारसायकल कोपऱ्यावरून वळलीसुद्धा होती.

त्याच आठवड्यात एका ओळखीच्या इंजिनिअरनं मला जाहिराती लपवणारा एक छोटा प्रोग्रॅम दिला. मी तो पाचही मशीनवर टाकला. काय सांगू, जादूच! पानं झटकन उघडायला लागली, लुकलुकणारं सगळं गेलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दीडेक महिन्यानं एक काका आले. एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. जयसिंगपूर, इचलकरंजी, गारगोटी, कुठली गाडी किती वाजता सुटते याची त्यांनी स्वतः एक वेबसाइट केली होती. माझ्याकडची निम्मी गिऱ्हाइकं ती बघायची. ती साइट यांची आहे हे मात्र मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनी ती उघडली, चष्मा वर केला, खाली केला.

"ताई, माझ्या पानाची उजवी बाजू कुठं गेली?"

"कुठली बाजू, काका?"

"जाहिरातीची की! घरात दिसतीय, हितं न्हाय. मशीन बिघडलंय व्हय तुमचं?"

मी अभिमानानं प्रोग्रॅमची गोष्ट सांगितली. काकांचा चेहरा उतरला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात बोलले.

"त्या जाहिरातींवर साइटचं भाडं निघतंय. गाडीची वेळ बदलली की मी सोता स्टँडवर जाऊन वेळ बघून येतो. माझं टाइमटेबल तुमास्नी चालतंय, आन् जाहिरात तेवढी न्हाय चालत?"

तेवढ्यात शेजारच्या मशीनवर कागद छापत बसलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "घरात पेपर आला आणि तुम्ही जाहिराती कापून तो वाचलात, तर कोण विचारतंय? याला आडवा येणारा कायदा निदान मला तरी माहीत नाही."

"बघा काका," मी घाईघाईनं म्हणाले.

"थांब गं," वकीलबाईंनी मलाच अडवलं. "तू पेपर घरात नाही कापलास. दुकानात कापून गिऱ्हाइकापुढं ठेवलास, आणि कापलाय हे सांगितलंही नाहीस. कायद्याचं राहू दे, हे बरं दिसतंय का?"

बरं दिसत नव्हतं. मी काकांना म्हटलं, तुमच्या साइटपुरता प्रोग्रॅम बंद करते. आणि तिथल्या तिथं केला. उजवी बाजू परत आली, आणि तिच्यात मोठ्या लाल अक्षरांत आलं: 'अभिनंदन! तुम्ही मोटार जिंकलात!' खाली एक बाई डोळा मारत होती.

काका पुढं वाकले. "ही कोण?"

"तुमच्याच पानावर हाय की, काका."

"आवो, घरात तर मला बियाणं आन् विम्याच्या जाहिराती दिसतात! हिला म्या न्हाय बोलावलं." मग स्वतःच म्हणाले, "झाकून टाका, झाकून टाका," आणि वकीलबाईंना हसू आवरेना.

पंधरा दिवसांनी काका पेढे घेऊन आले. त्यांनी बाहेरून येणाऱ्या जाहिराती काढून टाकल्या होत्या आणि स्टँडसमोरच्या बॅगांच्या दुकानाची आणि एका लॉजची जाहिरात स्वतः चित्र काढून पानात बसवली होती. बॅग जरा उशीसारखी दिसायची. पण ते त्यांच्याच पानातलं चित्र असल्यानं ही जाहिरात आहे हे माझ्या प्रोग्रॅमला ओळखूच आलं नाही. मला मनापासून आनंद झाला.

मीही प्रत्येक मशीनवर कागद चिकटवला: 'इथे जाहिराती लपवल्या आहेत. हव्या असल्यास सांगा.' बहुतेक लोक वाचून मान हलवायचे आणि कामाला लागायचे. लग्न ठरलेली एक मुलगी मात्र दर शनिवारी यायची आणि म्हणायची, "लाव की गं जाहिराती, साड्या बघायच्यात."

पुढं घरोघरी नेट आलं आणि मी कॅफे बंद केला. आता माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर तसला प्रोग्रॅम आहे. कुणी एकट्यानं कष्टानं चालवलेली साइट दिसली की मी तो तिथं बंद करते. दर वेळी करते असं म्हणाले तर खोटं होईल. घाईत असले की राहून जातं.