परत न नेलेला जॉब

जीप मी बिद्रीजवळच्या एका गावातून आणली. गोठ्याच्या कडेला सात-आठ पावसाळे खाऊन ती उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. विकणाऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पावणं, मालक न्हाई आलं व्हय संगं?" मालक नाहीत, गाडी मीच घेणार आहे, असं सांगितल्यावरही तो बराच वेळ माझ्या पाठीमागं कुणी दिसतंय का ते बघत राहिला. मी लग्न केलेलं नाही. का, ते विचारायचं काम नाही.

खरं सांगायचं तर मला जीपची फारशी हौस नव्हती. मला घरात आवाज हवा होता. आई जाऊन आठ महिने झाले होते. कळंब्याच्या घरात मी आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, दोघंच उरलो होतो आणि आमचं बोलणं "जेवलीस का" आणि "गोळी घेतली का" यापुढं सरकत नव्हतं. आप्पांनी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं लेथ, म्हणजे लोखंड फिरवत कातायचं मशीन, चालवला. मी आयटीआयमध्ये पोरांना तेच काम शिकवते. म्हटलं, दोघांच्या हाताला एखादं काम लागलं तर भांडायला तरी विषय मिळेल. आप्पा भांडायला लागले म्हणजे त्यांचं बरं चाललंय असं समजायचं.

विषय पहिल्याच दिवशी मिळाला. मी त्यांना जीपमधून तलावापर्यंत फिरवून आणलं तर ते कमरेवर हात ठेवून उतरले. "आक्का, ही गाडी हाय का रणगाडा? मणका ऱ्हाईल का जाग्यावर?" त्यांचं बरोबर होतं. पुढच्या चाकांवरचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, कुणीतरी जादा पट्ट्या घालून इतके कडक करून ठेवले होते की साध्या खड्ड्यातसुद्धा दातावर दात आपटायचे. मग ठरलं, पुढचं सगळं काढायचं. लांब आणि मऊ पाटे बसवायचे. पाट्याचं टोक ज्या कडीवर झुलतं ते शॅकल आणि त्याच्या पिना नव्यानं करायच्या. जमलं तर पहिली फेरी कोडोलीला, आप्पांच्या गावी.

दोन महिन्यांचे रविवार त्यात गेले. जॅक लावायचा, खाली लाकडी ठोकळे सरकवायचे, गंजलेल्या नटांवर डिझेल ओतून वाट बघायची. मी जीपखाली आणि आप्पा स्टुलावर.

"पाना उलटा धरलाईस."

"बरोबर धरलाय."

"मग सुटंना का? त्येला तुझी भीती वाटत्या व्हय?"

शेजारणीला वाटायचं, बापलेकीचं फाटलंय. मला मात्र आई गेल्यानंतर पहिल्यांदाच धड भूक लागायला लागली होती.

पाटे बाजारातून आणले, शॅकलच्या पट्ट्या कापून घेतल्या. पिना मात्र आप्पा करणार होते. ते म्हणाले नाहीत, मी विचारलं नाही. मागच्या शेडमध्ये त्यांचा स्वतःचा जुना लेथ होता, आणि तो असताना पिना बाहेर करायच्या हा विचार आमच्या घरात कुणाला सुचलाही नसता.

आप्पांच्या हाताबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांच्या लहानपणी गावातल्या ज्या घरांपुढं आमच्या माणसांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं, त्याच घरांतली माणसं पुढं उद्यमनगरात त्यांच्या लेथसमोर जॉब, म्हणजे करून घ्यायचा लोखंडी भाग, हातात घेऊन उभी राहिली. "मिस्त्री, तेवढं बघा की." आप्पा त्यांना चहा पाजायचे आणि जॉब करून द्यायचे. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी मोरीत हात धुताना ते स्वतःच्या हातांकडं बघत थांबायचे, एवढं मी पाहिलेलं आहे.

गेली दोन-तीन वर्षं साखरेनं त्या बोटांतली जाणीव कमी होत चालली होती. एकदा उकळत्या चहाचं भांडं उचलून त्यांनी खाली ठेवलं आणि बोट भाजल्याचं त्यांना कळलंच नाही. ओरडले ती मीच.

तीन दिवस लेथ चालला आणि सहा पिना झाल्या. आप्पांनी त्या तेलाच्या फडक्यानं पुसून ओळीनं मांडल्या. टोकांना कानस मारून कडा मोडल्या होत्या, बसवणाऱ्याच्या बोटाला लागू नयेत म्हणून. "बघ मापून," असं म्हणून ते विहाराकडं फिरायला गेले. मी मायक्रोमीटर लावला. पिनेच्या एका टोकाला माप बरोबर होतं, दुसऱ्या टोकाला बारीक. केसाच्या दुप्पट जाडीचा तरी फरक होता. दुसरी लावली, तिसरी लावली. सहाच्या सहा तशाच. या पिना घालून गाडी रस्त्यावर काढली असती तर पुढची चाकं आपल्या मनानं भटकली असती.

 आप्पांचे हात गेले, असं मला वाटलं, आणि मी तिथंच त्यांच्या स्टुलावर बसून राहिले.

उद्यमनगरात एक रीत आहे. जॉब बिघडला तर तो ज्यानं केला त्याच्याकडंच परत जातो. गिऱ्हाईक तोंडावर सांगतं, मिस्त्री, हे गंडलंय. मिस्त्री शिव्या देतो, मशीनला, लोखंडाला, गिऱ्हाइकाच्या खानदानाला, आणि मग गुमान परत करून देतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कमीपणा आहे तो जॉब परत न येण्यात. न सांगता तो दुसरीकडं नेला की समजायचं, या माणसाला लोकांनी मोडीत काढलं. हे मला लहानपणी आप्पांनीच सांगितलं होतं. त्यामुळं मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

वर्गात मी पोरांचा बिघडलेला जॉब टेबलावर आपटून परत देते. माझ्या तोंडाला अख्खी बॅच टरकून असते. पण आप्पा फिरून आले आणि "काय म्हनतंय माप?" म्हणाले, तेव्हा मी "एकदम बरोबर" म्हणून मोकळी झाले. आपण त्यांना जपतोय, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी एक पिन घेऊन उद्यमनगरात गेले. आप्पांच्या हाताखाली शिकलेला एकजण तिथं आता स्वतःचं दुकान चालवतो. त्याचेही केस पांढरे झालेत, दुकानात कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली आहेत. त्यानं पिन उचलली, टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मिस्त्रींच्या हातची हाय ही."

"हो."

"मग हितं कशाला आणलीसा, ताई? त्यास्नीच द्या की परत. शिव्या देतील, पर करून देतील."

"त्यांना कळायला नको," मी म्हटलं. "साखरेनं बोटं गेलीत त्यांची."

त्यानं पिन मापून मशीन चालू केलं. अर्ध्या-पाऊण तासात मशीनमधून सहा पिना निघाल्या. निघताना मी त्याला टोकांना कानस मारायला लावली, आप्पा मारतात तशीच. त्यानं मारली, पण माझ्याकडं वर बघितलं नाही. मला तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

रविवारी पिना बसवल्या. मी जीपखाली, आप्पा वरून एकेक पिन पुसून माझ्या हातात देत होते. दुसरी पिन देताना ते थांबले. त्यांनी ती उजेडाकडं धरली. मी खालून "द्या की" म्हणून हात हलवला, तेव्हा त्यांनी दिली. पुढच्या चार पिना त्यांनी न बघता दिल्या. "चांगल्या बसल्या," शेवटी एवढंच म्हणाले. बोटं बधिर आहेत म्हणून निभावलं, असा विचार माझ्या मनात आला होता. हे लिहितानाही शरम वाटते.

कोडोलीला गेलो. जीप काय सुंदर चालली. ज्या खड्ड्यांत आधी जीव गोळा व्हायचा, तिथं ती नुसती मान डोलवून पुढं जात होती. आप्पा रस्ताभर बाहेर बघत बसले. गावात चुलतभावानं गाडीभोवती फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "काका, तुमचाच हात दिसतोय की ह्यात."

"माझं काय न्हाय ह्यात," आप्पा म्हणाले. "समदं पोरीनं केलंय."

मी फुगले. बापानं चारचौघांत कौतुक केलं म्हणून परतीच्या वाटेवर मी गाणं गुणगुणत होते.

त्यानंतर आप्पा शेडमध्ये गेले नाहीत. लेथवर त्यांनी पोतं टाकलं. का म्हणून विचारलं तर "दमलो आता" म्हणाले. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी भांडणं सोडलं. मी मुद्दाम पाना उलटा धरून दाखवला तरी ते "तुला पटंल तसं कर" म्हणायचे. मी ते वयावर ढकललं, साखरेवर ढकललं, आईवर ढकललं.

वर्षभरानं काही कामासाठी मी पुन्हा त्या दुकानात गेले. टेबलावर लाकडी पेटी उघडी होती आणि आत आप्पांचे माप घ्यायचे कॅलिपर होते. मूठ झिजलेले, माझ्या जन्माआधीचे. मी त्याच्याकडं बघितलं.

"मिस्त्रींनी दिलं," तो म्हणाला. "तुमी पिना नेल्यासा, त्येच्या दुसऱ्याच आठवड्यात आलते. माझ्या पिनांच्या टोकाला भोक न्हवतं, त्यावरनं वळाकलं त्येनी."

आप्पा पिन दोन्ही टोकांना अणीदार आधार देऊन फिरवायचे आणि त्यासाठी दोन्ही टोकांच्या मधोमध बारीक भोक पाडावं लागतं. त्याच्या मशीनला ते लागत नाही. मी कडा हुबेहूब करून घेतल्या आणि मधलं भोक विसरले. बोटं बधिर होती, पण डोळे शाबूत होते.

"आक्काला सांगू नगंस म्हनलं," तो पुढं म्हणाला. "तिला वाईट वाटंल म्हनलं."

त्या संध्याकाळी आप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्या समोर पायरीवर बसले आणि सांगून टाकलं. "आप्पा, तुमच्या पिना बारीक झालत्या. मी तुमास्नी सांगिटलं न्हाई."

 त्यांनी विचारलं, "किती?"

मी माप सांगितलं.

"एका टोकाला का दोन्ही?"

"एकाच."

"सहाच्या सहा?"

"व्हय."

"मग टेलस्टॉक सरकलाय, आक्का," ते म्हणाले. "हातानं केल्याली चूक सहा येळा सारखी हुईल व्हय?"

टेलस्टॉक म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाचा आधार. तो जरा बाजूला सरकला की जॉब एका टोकाला बारीक निघतो. स्क्रू फिरवून तो दहा-पंधरा मिनिटांत जागेवर आणता येतो. हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. आधी मशीन बघा, मग माणसाला बोला, असं फळ्यापुढं उभी राहून घसा फोडून सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या दिवशी मी मशीनकडं वळूनही बघितलं नाही, कारण आप्पांच्या हातांचा निकाल मी आधीच लावून बसले होते.

"मी कॅलिपर परत आणते," मी म्हटलं. "उद्या टेलस्टॉक लावू. तुमी परत करा पिना. त्या काढून तुमच्या घालते."

आप्पांनी उजवा हात पुढं धरला आणि अंगठा बोटांच्या टोकांवरून हळूहळू फिरवला, पुन्हा फिरवला.

"तवा कळत हुतं गं, थोडं थोडं," ते म्हणाले. "आता न्हाय कळत."

म्हणजे एक वर्ष त्या हातांत अजून काम होतं. ते वर्ष आप्पांनी लेथवर पोतं टाकून काढलं, आणि ते मी त्यांना जपत होते म्हणून.