लिफ्टचा एपिसोड

आमच्या खानदानात गोष्टी सांगण्याचं कंत्राट माझ्याकडे आहे, आणि माझा सगळा माल टीव्हीचा. तोही इंटरनेटच्या आधीच्या, बुधवारचा भाग चुकला तर शेजाऱ्यांकडून ऐकून घ्यायच्या काळातला. मावसभाऊ तेव्हा मुंबईत मालिकांचे सेट रंगवायचा, त्यामुळे मला आतलं कळायचं. नायक अपघातानंतर नव्या चेहऱ्यानं परतला, म्हणजे जुन्या नटाला सिनेमा मिळाला. फोटोला हार पडला, म्हणजे मानधनावरून वाजलं. आणि दोन पात्रं लिफ्टमध्ये अडकली, म्हणजे निर्मात्याचे पैसे संपले. एक प्लायवूडची भिंत, दोन माणसं, अख्खा भाग निघतो.

हे सगळं मी इंग्लंडमध्ये, रीडिंग गावात आईला ऐकवलं, तेही बंद पडलेल्या लिफ्टमध्ये. दोन हजार पाचच्या आसपासचा हिवाळा असेल. आई पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती आणि पहिल्या महिन्यापासूनच तिकीट अलीकडचं करून दे म्हणत होती. मला वाटायचं, रुळेल. आम्ही दोघं ऑफिसला, मुलं शाळेत. एकदा ती कचरा टाकायला गेली आणि मागे दार आपोआप लॉक झालं. बिनास्वेटरची कितीतरी वेळ बाहेर उभी. त्यानंतर ती एकटी उंबरा ओलांडेना. तिनं तिकिटाचा विषय काढला की मी किस्सा काढायचो. ती हसायची, विषय टळायचा.

त्या शनिवारी कार पार्कची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. मी घंटा दाबली. माणूस पाठवतोय, पण वेळ लागेल, असं स्पीकरमधली बाई म्हणाली. आईनं एका हातानं कठडा धरला होता, दुसऱ्यानं मेथीची पिशवी. तिला धीर यावा म्हणून मी ती प्लायवूडची भिंत सांगितली. मालिकेत मग दोन्ही पात्रं मनातलं खरं बोलतात आणि दार उघडतं, हेही सांगितलं.

"मग बोल," ती म्हणाली. "मला कधी पाठवतोस?"

"अगं, एकदा काय झालं, त्या मावसभावानं..."

"किस्सा नको. तारीख सांग. इथे निदान दाबायला घंटा तरी आहे. तुझ्या घरात मी काय दाबू?"

घरी असतो तर चहा टाकतो म्हणून उठलो असतो. इथे उठून जाणार कुठे? मी भिंतीकडे पाहिलं. ती पक्की लोखंडाची होती.

"पुढच्या रविवारचं तिकीट करतो," मी म्हणालो.

तिनं कठडा सोडला आणि स्वतःच बोलायला लागली. सगळं तिला पुण्याहून फोनवर कळलेलं: खालच्या मजल्यावरच्या बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, त्यांना डबा कुणी द्यायचा यावरून सोसायटीत झालेली वादावादी, शेवटी सेक्रेटरींनी स्वतः लावलेली खिचडी. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आमच्या घरात इतरांना बोलायला मी वेळ ठेवतो कुठे?

बाहेरून कुणीतरी दार ओढून उघडलं. मेकॅनिकनं हात पुढे केला. आईनं तळहात दाखवून त्याला थांबवलं. खिचडी अजून शिजायची होती.