धुराचं वजन

वजनकाट्यावर कोपर टेकवण्याचा उद्योग मी आयुष्यात बऱ्याचदा केला, पण नातीच्या शर्यतीच्या गाडीवर तो केला तेवढा मूर्खपणा पुन्हा माझ्या हातून झाला नाही. तेव्हा माझं वय काही कोवळं नव्हतं. दोन हजार दहाचा मे महिना, साठी कधीच उलटलेली. पण आजच्या माझ्या मानाने तेव्हाची ती बाई पोरसवदाच म्हणायची, आणि तिची अक्कल तर त्याहून लहान.

सवय कुठली ते आधी सांगते. मी कोळंबी विकायचे, किनाऱ्यावर येणाऱ्या व्यापाऱ्याला, किलोवर. टोपली काट्यावर चढली की तो हळूच तिच्या बुडाला पायाचा अंगठा लावून ती उचलून धरायचा, आणि मी गप्पा मारता मारता वरून कोपर टेकवायचे. दोघांनाही एकमेकांचं माहीत. त्यामुळे वजन बहुतेक खरंच यायचं.

तर नात. ती घाटावरच्या कॉलेजात इंजिनियरिंग शिकत होती. तिथल्या मुलांनी स्पर्धेसाठी मोटारसायकलचं इंजिन लावून शर्यतीची छोटी गाडी बांधायला घेतली होती, आणि गाडीच्या बुडाखालचा पत्रा हिच्या वाट्याला आला. हिच्या डोक्यात एक कल्पना होती. इंजिनाचा धूर मागे हवेत सोडून न देता त्या पत्र्याखाली सोडायचा, म्हणजे गाडी जमिनीकडे दाबली जाईल. त्यांचे सर म्हणाले, दाबली जाते ते दाखव, नाहीतर साधी नळी लावू आणि तुझा पत्रा भंगारात. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. वेल्डिंगचं सामान घरचंच. म्हणून ती सुट्टीत गाडी टेंपोत घालून आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, घेऊन आली. मला वाळत घातलेली कोकमाची सोलं उचलावी लागली.

"होडयेचो धूर आमी वरसून सोडतो," मुलगा म्हणाला. "बुडाखाली सोडलंस तर बसणारो गुदमारतलो."

"बाबा, धूर फुकट जाता. तेका कामाक लावूचो आसा."

"गाडी उडतली गो," मी मध्येच तोंड घातलं. "खालसून वारो लागलो काय छत्री उलटी होता, तसा."

तिने रद्दीतले दोन कागद काढून माझ्या दोन हातांत दिले. "आजये, समोरासमोर धर. आता मधी फुंक. काय होतला सांग."

"लांब जातले. आणखी काय?"

मी फुंकलं. कागद एकमेकांना येऊन चिकटले. मी म्हटलं, कागद दमट आहेत. तिने दुसरे दिले. तेही चिकटले. मग मी पंख्याला दोष दिला, तो बंद करायला लावला, आणि पुन्हा फुंकलं. तेव्हाची ती बाई, म्हणजे मीच, किती हट्टी होती याचा मला आता हेवा वाटतो.

"मधलो वारो जोरान पळता, म्हणान तेचो दाब कमी होता," नात म्हणाली. "मगे भायलो वारो कागदांका आत लोटता. एक कागद म्हणजे गाडी, दुसरो रस्तो. रस्तो काय वर येवचो नाय. गाडीच खाली जाता. पत्र्याखालचो वारो जोरान पळवूक धूर व्हयो."

"पण दाबूची कित्याक?"

"वळणार गाडी भायर फेकली जाता. टायर रस्त्याक घट्ट धरून रवले तर वेगात वळता येता. खराखुरा वजन घातला तर गाडी जड होता, पळणा नाय. ह्या वजन फुकटचा."

फुकटचं वजन म्हटल्यावर मला विषय लगेच कळला.

सर यायच्या दिवशी तिने सकाळची पेज तशीच ठेवली. मुलगा त्यांना कसालच्या एसटी थांब्यावरून घेऊन आला. बोलायला कमी, बघायला बारीक असा माणूस. मासळी उतरवतात तिथून आम्ही दोन इलेक्ट्रॉनिक काटे मागून आणले होते. मागची दोन चाकं त्यांवर चढवली, बुडाखाली फळ्या अंथरून जमीन वर आणली, आणि गाडी पुढून दोरखंडाने माडाला बांधली. मागे वर चढत जाणाऱ्या पत्र्याच्या तोंडाशी धुराच्या दोन नळ्या आणून सोडलेल्या. बाजूने वारा आत शिरू नये म्हणून ट्यूब कापून रबराच्या झालरी लावलेल्या. मला काम दिलं होतं कोंबड्या हाकायचं. म्हणून मी गाडीच्या शेपटाशी.

मुलाने इंजिन चालू केलं आणि रेस दिली. लाल आकडे नाचायला लागले. चढले, पण किती, तर नखाला लावायला चुना. सरांनी ओठ मुडपलेले मला दिसले. पोरगी आकड्यांवरून नजर काढत नव्हती. माझं कोपर आपोआप गेलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी ते नीट, बेताने, कोळंबीच्या टोपलीवर ठेवायचे तसं ठेवलं.

आकडा टुणकन वर गेला. "अरे वा," सर म्हणाले. त्यांनी मुलाला इंजिन बंद करायची खूण केली आणि हात धुवायला वळले. "चांगलं आहे. ठेवू या हा पत्रा."

इंजिन बंद झालं, धूर गेला, आणि आकडा वरच राहिला. कारण मी सरांचं तोंड बघण्यात गुंग, कोपर जागच्या जागी. नातीने आकडा पाहिला, मग गाडीचं शेपूट, मग मला. सरांची पाठ होती. गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं.

"सर, थांबा," ती म्हणाली. "हा आकडा धरू नका. माझी आजी गाडीला टेकली आहे."

"पाय दुखतत म्हणान टेकलंय," मी म्हटलं.

"आये, तुझे पाय काटो बघितल्यारच दुखतत," मुलगा म्हणाला.

सरांनी विचारलं, "आधीपासून टेकल्या होत्या का?"

"माहीत नाही सर. पहिल्यापासून पुन्हा करू."

त्यांनी घड्याळ पाहिलं. परतीची बस होती. "एकदाच," ते म्हणाले.

"आजये, थंय धुण्याच्या फातरार जावन बस. हात मांडयेर ठेव." मी जाऊन बसले. शाळेतही मला कोणी असं बसवलं नव्हतं.

पुन्हा इंजिन. आकडा चढला तो बाजारात मांडलेल्या एका वाट्याच्या बांगड्यांएवढा, जास्त नाही. मी असते तर एवढं वजन वरकड म्हणून फुकटच दिलं असतं. पण मुलाने रेस कमी केली की आकडा उतरायचा, वाढवली की चढायचा. पुन्हा कमी, पुन्हा जास्त. आकडा धुराचं ऐकत होता. सर आता गुडघ्यांवर बसून नळ्यांकडे बघत होते.

"वळणावर चालवणारा पाय उचलणार," ते म्हणाले. "नेमकं तेव्हाच धूर कमी पडणार. मग?"

"पाय उचलला तरी इंजिनात हवा जाऊ द्यायची सर, आणि ठिणगी उशिरा टाकायची. चाकांना ताकद मिळत नाही, पण धूर चालू राहतो. पेट्रोल जास्त जाईल, इंजिन तापेल. किती, ते मी अजून मोजलेलं नाही."

अर्धं माझ्या डोक्यावरून गेलं. पण 'मोजलेलं नाही' हे ती ज्या सुरात म्हणाली, मान खाली न घालता, त्या सुरात मला जन्मात बोलता आलेलं नाही. व्यापाऱ्यासमोर तर नाहीच. दगडावर बसल्या बसल्या माझी पाठ ताठ झाली. ही आपल्या घरातली आहे, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण हात मांडीवर ठेवायची ताकीद होती. पुढे वर्षभर किनाऱ्यावर जो भेटेल त्याला मी सांगत होते, की धुरालाही वजन असतं आणि ते माझ्या नातीने आमच्या खळ्यात तोललंय.

निघताना सरांनी कोकमाचं सरबत घेतलं. मला वाटलं, आता माझी हजेरी घेणार. त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "आजी, पहिल्या आकड्यावर मी खूश होऊन निघालो होतो. तिने थांबवलं, म्हणून दुसरा आकडा लहान असूनही मी त्यावर विश्वास ठेवला, परत मोजायला लावला नाही. स्पर्धेला गाडी जाईल ती तिच्याच पत्र्यासकट."