चढाचा आकडा

धाकटा मोटारी भरायचा. म्हणजे जळालेली मोटार उघडायची, करपलेली तार उपसून काढायची, तांब्याच्या नव्या तारेची वेटोळी बसवायची, वर वार्निश द्यायचं. तीस वर्षं हेच. तोंडाचा तिखट माणूस. गिऱ्हाइकानं घाई केली की म्हणायचा, "मग तुम्हीच भरा, मी खुर्चीवर बसतो." पण थोरल्या भावापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. वडील गेल्यावर त्याला या धंद्याला लावलं होतं ते थोरल्यानंच.

थोरला पाण्याच्या टाकीवर कामाला. टाकी टेकडीवर, रस्त्याला तीन वळणं. व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, पातळी बघायची. पंचावन्नाव्या वर्षी त्याच्या पायांतलं बळ सरायला लागलं. तोल जायला लागला, सायकल सुटली. मग त्यानं आडवी तीनचाकी घेतली. पुढे दोन चाकं, मागे एक, मधे आरामखुर्चीसारखं आसन. त्यावर रेलायचं आणि पाय समोर लांब करून पेडल मारायचं. पडायची भीती गेली, पण चढ काही कमी झाला नाही.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेलं बळ परत येणार नाही, आहे ते जपा. थोरल्यानं ते या कानानं ऐकलं नि त्या कानानं सोडून दिलं. धाकट्याला म्हणाला, "मोटार बसव. पाचवर सुरू करतो, दर महिन्याला एकेक आकडा खाली आणतो. पाय सुधारतात की नाही बघच तू."

धाकट्यानं मागच्या चाकात मोटार बसवली, आसनामागे बॅटरी, हँडलवर आकडे दाखवणारा छोटा डिस्प्ले. पेडल फिरलं की मोटार जोर लावणार. पाचवर भरपूर, एकवर नावापुरता, शून्यावर काहीच नाही. पहिला महिना झकास गेला. दुसऱ्या महिन्यात चार लावला आणि थोरला दुसऱ्या वळणावर अडकला. टाकीवरच्या जोडीदारानं ढकलत वर नेला. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडला, दोन दिवस जेवला नाही. वहिनी दुकानात येऊन रडली. "भावजी, ह्यांनी हाय खाल्लीय. काहीतरी करा."

केलं. चेन साफ करतो म्हणून तीनचाकी दुकानात आणली आणि कितव्या आकड्याला किती जोर, ते आतून बदललं. चारला पाचचा जोर. बस, एवढंच. कुणाचं काय जात होतं?

थोरला चारवर टाकीपर्यंत गेला. मग तीनवर, मग दोनवर, मग एकवर. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी चेन साफ व्हायची. थोरल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो डॉक्टरांची नक्कल करून दाखवायचा आणि वहिनी पोट धरून हसायची. बॅटरी एवढी लवकर का उतरते, असं त्यानं एकदा विचारलं, तर धाकटा तोंड वर करून म्हणाला, "सेल जुने निघाले." खोटं बोलताना त्याला आता घामही फुटत नव्हता.

अशात पाणीखात्याच्या कचेरीचं पत्र आलं. खालच्या कचेरीत फोनवर तक्रारी लिहून घ्यायची जागा होती, निवृत्तीपर्यंत बसून काम. हवी असेल तर आठवड्यात कळवा. थोरल्यानं लिहिलं, माझी प्रकृती सुधारत आहे, जागा दुसऱ्या गरजूला द्यावी. पाकीट धाकट्याच्या हातात ठेवलं. "तू तार आणायला त्या बाजूला जातोस ना, देऊन ये." धाकटा कचेरीच्या पायरीवर पंधरा मिनिटं बसून राहिला. खरं सांगितलं की दादा पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. शेवटी पत्र दिलं आणि पोच घेऊन आला. अरे गाढवा, तिथंच फाडून टाकायचंस की! पण नाही.

पुढच्या रविवारी सकाळी थोरल्यानं धाकट्याला नि बायकोला चढाच्या पायथ्याशी उभं केलं. आसनावर रेलला, पाय अडकवले आणि हँडलवरचं बटण दाबलं. "आज शून्य. नुसते पाय."

शून्यावर मोटार बंदच, तिथं धाकट्याची करामत चालणार नव्हती. पेडल अर्धा फेरा फिरलं नि थांबलं. थोरल्यानं दात आवळले, मान ताठ झाली, पेडल हललं नाही.

"ब्रेक धरलाय वाटतं. बघ रे जरा."

धाकटा गुडघ्यावर बसला. ब्रेक मोकळा होता. धरलाय म्हणायला जीभ तयारच होती, पण वहिनीचे डोळे त्याच्यावर होते आणि आज त्याला जमेना.

"ब्रेक मोकळा आहे, दादा."

"मग?"

धाकट्यानं सांगितलं, खाली रस्त्याकडे बघत. चेन कधी साफ केली आणि एकवर खरा जोर किती होता, सगळं. वहिनीनं मधेच विचारलं, "भावजी, ते पत्र परत मिळेल?"

"जागा भरली. परवाच कळलं मला."

थोरला ओरडला नाही. पायाचे पट्टे सोडायला त्याला वेळ लागला, मदतीला आलेला हात त्यानं बाजूला केला. मग विचारलं, "मी कधी ना कधी शून्य लावणारच होतो. तेव्हा काय करणार होतास?"

 तोवर दादा जगणारच नाही, असं धाकट्यानं मनाशी धरलं होतं. आणि समोर रेललेला थोरला त्याच्या तोंडाकडे बघता बघता ते समजून चुकला.