फायनल नावाची फाईल

सोलापुरात कचेरीच्या मागच्या गल्लीत टायपिंग आणि झेरॉक्सची सात-आठ दुकानं आहेत. त्यातल्या कुठल्याही दुकानात जाऊन ‘पीडीएफ होत नाही’ म्हणून रडगाणं लावा. दुकानदार मान वर न करता सांगेल, ‘शेवटचं दुकान. पीडीएफवालीकडं जा.’ धंद्यातली माणसं आपलं गिऱ्हाईक सहसा दुसऱ्याकडे पाठवत नाहीत, पण नाजनीन शेखची गोष्ट निराळी होती. बाकीच्यांनी जिथे हात टेकले तिथून तिचं काम सुरू व्हायचं.

कुणाच्या कागदावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटलेले असायचे. कुणाची फाईल इतकी जड, की सरकारी संकेतस्थळ ती आत घ्यायलाच तयार नसायचं. कुणी जुन्या मराठी फाँटमध्ये अर्ज टाइप करून दुसऱ्या मशीनवर उघडलेला, आणि तिथे मराठीच्या जागी असं काही दिसायचं की वाचणाऱ्याचे डोळे पांढरे व्हावेत. नाजनीन चष्मा नाकावर ओढून विचारायची, ‘फाँट फाईलमध्येच बसवला का? आधीची पीडीएफ बंद केली का? उघड्या फाईलवर कम्प्युटर दुसरी फाईल लिहीत नाही, कितीदा सांगायचं तुम्हाला?’ माणूस ओशाळायचा. पाच मिनिटांत काम व्हायचं, आणि जाताना वर चार शब्द ऐकून जायचा. तिची जीभ तिखटच होती. पण कागद अडला तर माणूस अडतो, हे तिला कळत होतं. म्हणून कुणी वाईट वाटून घेत नसे.

दुकान मूळचं तिच्या अब्बांचं. शेखलाल टायपिस्ट कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली मशीन मांडून बसायचे. पुढे त्यांना लकवा झाला आणि उजवा हात गेला. नाजनीन तेव्हा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. रसायनशास्त्रात पहिली आली होती. घरात टायपिंग येणारी ती एकटीच, म्हणून एका सोमवारी ती कॉलेजऐवजी मशीनवर जाऊन बसली आणि कॉलेजला कायमची मुकली. ह्याबद्दल ती कधी बोलत नाही. नवरा, शाकीरभाई, रिक्षा चालवतात. त्यांनी एकदा सहज विचारलं, तर म्हणाली, ‘चहा गार होतोय.’

अब्बांकडून तिला दोन सवयी मिळाल्या. पहिली, टाइप केलेला मजकूर गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. दुसरी, नवा कागद कधी कोऱ्यापासून सुरू करायचा नाही. मागच्या माणसाचा अर्ज समोर ठेवायचा, नावगाव बदलायचं आणि पुढे चालायचं. कम्प्युटर आला तरी हीच रीत राहिली. मागच्याची फाईल उघडायची, नाव बदलायचं, वाचून दाखवायचं आणि पीडीएफ करायची. त्या पीडीएफला ती नेहमी एकच नाव द्यायची, ‘फायनल’. आधीच्या फायनलवर नवी फायनल बसायची. अपलोड करताना शोधाशोध नको, म्हणून ही सोय. काम झालं की तिची एक प्रत त्या-त्या गिऱ्हाइकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून द्यायची. गल्लीतली सगळी दुकानं असंच काम करतात. शहाणा माणूस ऐकून कपाळाला हात लावील, पण पंचवीस वर्षं ह्या रीतीनं एकही कागद चुकला नव्हता, निदान तिला तसं वाटत होतं.

गेल्या जुलैत महिपती तिच्याकडे आला. बार्शीकडच्या खेड्यातला माणूस, जुळे सोलापूर ह्या उपनगरातल्या एका सोसायटीत वॉचमन होता. पार्किंगच्या मागच्या खोलीत तो आणि त्याची मुलगी आरोही राहायचे. बारावीनंतर आई आजारी पडली म्हणून आरोही वर्षभर घरी राहिली होती. आई वाचली नाही. आता पोरीला नर्सिंगला जायचं होतं. मधल्या वर्षात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नाही, असं बापाचं घोषणापत्र पीडीएफ करून जोडायचं होतं, आणि तो शेवटचा दिवस होता.

‘बाकीचा सगळा फॉर्म मी मोबाइलवर भरलाय, मावशी,’ आरोही म्हणाली. ‘एवढंच राहिलंय.’

‘ताई, एवढं येक वरीस म्या हिला दिलंय,’ महिपती म्हणाला. ‘लागला नंबर तर शिकंल. न्हाय लागला तर भावकी लगीन ठरवाया बसलीच हाय. मला आता थोपवनं हुईना.’

दुकानात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. नाजनीननं आधीच्या पोराचं, शिवराज नावाच्या कुणाचं, घोषणापत्र उघडलं. नावं बदलली. महिपतीला अक्षर अन् अक्षर वाचून दाखवलं. त्यानं मान हलवली, तिनं त्याच्या सहीचा फोटो खाली बसवला. पीडीएफ केली. पडद्यावर एक छोटी चौकट उमटली, तिनं ‘ओके’ दाबलं. दिवसभरात अशा शंभर चौकटी येतात. पाच वाजायला बारा मिनिटं असताना अर्ज गेला. आरोहीनं दोन्ही हातांनी तिचा हात धरला होता, हे नाजनीनला नंतर फार आठवायचं.

ऑगस्टमध्ये यादी लागली. आरोहीच्या नावापुढे ‘अपात्र, कागदपत्र ग्राह्य नाही’. हरकत घ्यायला तीन दिवस होते. बापलेक धावत गल्लीत आले.

त्या वेळी नाजनीननं फाईल उघडून बघायला हवी होती. एवढंच करायचं होतं. फोल्डर उघडायचं, पीडीएफ उघडायची, वाचायची. दोन मिनिटांचं काम. पण समोर दुसऱ्याचं काम चालू होतं आणि प्रश्न तिच्या पीडीएफवर आला होता. ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, ‘माझा कागद बरोबर गेलाय. वाचून दाखवला होता की तुम्हाला. मोबाइलवर भरलेल्यात काहीतरी चुकलं असणार. आजकालची पोरं घाई करतात.’

महिपतीनं एकदा पोरीकडे बघितलं आणि दोघं निघून गेले. हरकत कुणी घेतलीच नाही. गर्वानं माणसाचं किती नुकसान होतं ते सगळेच सांगतात. पण आपल्या गर्वानं नुकसान दुसऱ्याचंच होतं, हे कुणी सांगत नाही.

फेब्रुवारीत महिपती पुन्हा आला. ह्या वेळी एकटा. अंगात इस्त्रीचा सदरा.

‘पोरीचं लगीन हाय, ताई. पत्रिका करायची. ते मोबाइलवर धाडायची पीडीएफबी पायजे. पाव्हनं म्हनले, छापलेली कोन बघतंय आता.’

‘मुबारक हो, महिपतीभाऊ. आणि शिक्षण?’

‘कशाचं शिक्षान? फारम भरता आला न्हाय तिला धड. सा म्हैने झालं, म्या येक दीस सोडला न्हाय बोलल्याशिवाय. आता तीच म्हनती, करून टाका, अण्णा.’ तो उठला. ‘उद्या येतो तिला घिऊन. नवऱ्या मुलाकडची नावं, तारीख ह्या चिठ्ठीत हायत. आमची तुमच्याकडं हायत की मागची.’

तो गेल्यावर नाजनीननं नावांसाठी आरोहीचं फोल्डर उघडलं. टाइप केलेली फाईल होती आणि शेजारी फायनल. का कोण जाणे, तिनं फायनल उघडली.

‘मी, खाली सही करणार, माझा मुलगा चि. शिवराज...’

तिनं ती बंद केली आणि पुन्हा उघडली. शिवराजच होता. टाइप केलेली फाईल उघडली, तिच्यात आरोही होती, मात्रा-वेलांट्यांसकट अचूक. मग हळूहळू सगळं उलगडत गेलं. त्या दिवशी शिवराजच्या बापाला दाखवायला पीडीएफ उघडलेली तशीच मागे राहिली होती. उघड्या फाईलवर नवी बसली नाही. तीच गोष्ट कम्प्युटरनं त्या चौकटीत सांगितली होती आणि तिनं ओके दाबलं होतं. आरोहीच्या अर्जाला एका अनोळखी पोराचं घोषणापत्र चिकटून गेलं. कॉलेजनं दुसरं काय करायचं होतं?

समोर बसलेलं गिऱ्हाईक ‘मॅडम, माझं?’ म्हणालं, तर तिनं त्याला उद्या ये म्हणून सांगितलं. असं ती आजवर कुणाला म्हणाली नव्हती.

घरी तिनं शाकीरभाईंना सांगितलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, ‘किसी को पता नहीं. लग्न ठरलंय. आता सांगून त्यांचं काय भलं होणार? उगीच जखम उकरायची.’ बोलणं खोटं नव्हतं. नाजनीन रोट्या करता करता ऐकत राहिली. पण तिच्या डोक्यात एकच घोळत होतं, सा म्हैने, येक दीस सोडला न्हाय. पोरगी सहा महिने बापाचं ऐकून घेतेय. न केलेली चूक तिनं आपली मानली आणि त्याच भरात लग्नाला हो म्हणाली. फाईल आपण बघितली असती तर तीन दिवस हातात होते. तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेक आले. आरोही वाळली होती. पत्रिका तयार होती, पण नाजनीननं ती दाखवली नाही. शटर अर्धं ओढलं, दोघांना स्टुलांवर बसवलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

‘हा कागद गेला होता तुमच्या अर्जाबरोबर,’ ती म्हणाली. ‘हे नाव बघा. चूक माझी झाली. आरोहीची नाही. तुम्ही विचारायला आलात तेव्हाही मी उघडून बघितलं नाही. मी खोटं बोलले नाही, पण न बघता बोलले.’

महिपतीनं ते नाव बोट लावून वाचलं. त्याला वेळ लागला. आरोहीला लागला नाही.

‘मावशी,’ ती म्हणाली, ‘म्हणजे मी बरोबर भरला होता?’

‘बरोबर भरला होता.’

‘सगळा?’

‘सगळा, बाळा.’

आरोही बापाकडे वळली. ‘ऐकलं का, अण्णा?’

महिपतीनं ऐकलं होतं. तो पायाखालच्या फरशीकडे बघत होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण सहा महिन्यांचं बोलणं परत कसं घ्यायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

‘मे महिन्यात पुन्हा फॉर्म निघतील,’ नाजनीन घाईघाईनं म्हणाली. ‘मी भरते. मी स्वतः कॉलेजात येऊन सांगते काय झालं ते. लग्न थोडं पुढं ढकला, भाऊ. मुलाकडच्यांशी मी बोलते हवं तर. हात जोडते.’

‘काय सांगनार त्यास्नी?’ महिपतीचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. ‘सुपारी फुटली, ताई. पंधरा दिसांवर लगीन आलंय. कम्प्युटरची चुकी झाली म्हनून पोरगी दारात थांबिवली म्हनू? भावकी मला उभा करंल का? आन् पोरीला मागनं कोन इचारंल?’

‘ती शिकेल की.’

‘शिकली आस्ती,’ तो म्हणाला. ‘तवा.’

तो नाजनीनला एकही वाकडा शब्द बोलला नाही. बोलला असता तर तिला सोसलं असतं. त्यानं डोळे पुसले, सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला आणि टेबलावर ठेवला. ‘पत्रिका धाडा. पाव्हनं वाट बघत्यात.’

नाजनीननं आरोहीकडे बघितलं. पोरीनं एकदा नाही म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. एकदा म्हणाली असती तर नाजनीन उभी राहिली असती तिच्या बाजूनं, सगळ्या भावकीसमोर. आरोही पडद्यावरच्या त्या अनोळखी नावाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फार दिवसांचं ओझं उतरल्यावर येतो तसा सैलपणा होता, आणि तो बघवत नव्हता. वर्ष गेलं होतं, पण निदान आपण चुकलो नव्हतो. एवढ्यावर ती समाधान मानायला निघाली होती.

पत्रिकेला नाजनीननं नवीन नाव दिलं. बाकीच्या सगळ्या फायली एकेक करून बंद केल्या. पीडीएफ झाली. ती महिपतीच्या मोबाइलवर पाठवणार, तेवढ्यात आरोही खुर्चीजवळ आली.

‘मावशी, आधी उघडून बघा.’

‘बघते की.’

‘ह्यात दुसरीचं नाव आलं असलं,’ आरोही बापाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, ‘तर बदलू नका.’

नाजनीननं फाईल उघडली. एकही अक्षर हललेलं नव्हतं, आणि नाव आरोहीचंच होतं.